सोलापूरच्या परसात बटाटा : घोळ खतात नव्हता, संक्रांतीत होता

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

जुळे सोलापूर भागातल्या एका ताईंनी लिहिलं आहे : घरामागे 8 बाय 12 फुटांचा तुकडा आहे, काळी माती. यंदा संक्रांत झाल्यावर, 20 जानेवारीच्या सुमाराला, घरातलेच कोंब आलेले चार किलो बटाटे कापून लावले. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन घमेली राख टाकली आणि महिन्याभरात दोनदा युरिया. पाला गुडघ्याच्या वर गेला, बघणारे थांबून कौतुक करायचे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उकरलं तर जेमतेम पाच किलो निघाले. त्यातले निम्मे गोट्यांएवढे, सालीवर खरबरीत डाग, काही तडकलेले. ते कॅरीबॅगेत घालून ओट्याखाली ठेवले, तर दहा दिवसांत पाणी सुटून वास मारायला लागला. वरचे काही हिरवे पडले. सासूबाई म्हणतात, हिरवे फेकून द्या. मालक म्हणतात, तेवढं कापून टाका, काही होत नाही. आणि दोघंही म्हणतात की सोलापुरात बटाटा येत नाही, नाद सोडा. ताईंना मात्र यंदा पुन्हा करायचं आहे. त्यांचे प्रश्न दोन. कोणतं खत घातलं म्हणजे बटाटा पोसेल? आणि वर्षभर टिकवायला परसात खड्डा खणून वाळूत ठेवावा, की जुना फ्रिज त्यासाठी वेगळा काढावा?

सल्ला

ताई, तुमचं पत्र नवरात्राच्या आधी आलं हे बरं झालं. दिवाळीनंतर आलं असतं तर फक्त सांत्वन करावं लागलं असतं.

खताचा प्रश्न जरा बाजूला ठेवू. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे : लावणीची तारीख. बटाट्याचं झाड वाढायला ऊन चालतं, पण जमिनीखाली कंद धरायला रात्र थंड लागते. रात्रीचं तापमान 20 अंशांच्या खाली असेल तर कंद धरतो, 15 ते 18 असेल तर झपाट्याने पोसतो, आणि रात्री 22-23 अंशांवर गेल्या की झाड पाल्यातच रमतं. दिवसभरात पानांनी जी साखर तयार केली ती गरम रात्री श्वसनातच जळून जाते, खाली उतरतच नाही. आता तुमचं गणित मांडा. 20 जानेवारीला लावलं, कोंब वर यायला अडीच आठवडे, कंद धरायची वेळ मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि पोसायची वेळ पूर्ण मार्च आणि एप्रिल. सोलापुरात मार्चमध्ये रात्र 22 अंशांच्या आसपास असते, एप्रिलमध्ये 25, आणि दुपार 40 ला टेकते. तुम्ही उकरलंत तेव्हा लांबच लांब पांढऱ्या दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला गोटी, असं दिसलं असेल. त्या दोऱ्यांच्या टोकाला बटाटा फुगायचा असतो. गरम रात्रींमुळे तो फुगला नाही, एवढंच. खत कमी पडलं नव्हतं. उलट दोनदा दिलेल्या युरियाने पाला आणखी माजला आणि कंद धरणं आणखी लांबलं.

त्यामुळे ‘सोलापुरात बटाटा येत नाही’ हे घरच्यांचं म्हणणं अर्धंच खरं. पुणे जिल्ह्यात आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाळ्यातही बटाटा होतो, कारण तिथला पावसाळा थंड असतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्याला वर्षातून एकच खिडकी मिळते : नोव्हेंबर ते जानेवारी. नोव्हेंबरात रात्र 18-19 वर येते, डिसेंबर-जानेवारीत 15-16 पर्यंत उतरते, एखाद्या आठवड्यात त्याहूनही खाली. कंद धरायचे आणि पोसायचे दिवस याच थंडीत बसवायचे. म्हणून लावणी 25 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. त्याआधी माती गरम असते, बेणं सडतं. 25 नोव्हेंबरनंतर लावलं तर शेवटचे तीन आठवडे उन्हात सापडतात आणि वजन तिथेच जातं. वेळ अमावस्येला (डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला) शेतात जेवायला जाल तेव्हा तुमच्या परसात भर, म्हणजे झाडांच्या बुंध्याला माती, लावून झालेली हवी, आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की काढणीचे वेध लागायला हवेत.

आता बेणं. घरातले कोंब आलेले बटाटे लावायचे, ही जवळपास प्रत्येक परसबागेतली पहिली पायरी असते आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्यातून काय येतं हे माहीत असावं. बाजारातला बटाटा खाण्यासाठी पिकवलेला असतो. त्यात विषाणू असला तर डोळ्यांना दिसत नाही, झाड खुजं राहतं, पानं गोळा होतात आणि उत्पन्न निम्म्यावर येतं. त्याहून वाईट म्हणजे जिवाणूजन्य मर. ती एकदा मातीत आली की टोमॅटो, वांगी, मिरची सगळ्यांना छळते. जमलं तर खात्रीचं बेणं आणा. महाराष्ट्रात येणारं बरंचसं बेणं पंजाबातून येतं आणि मंचरच्या बाजारातून पुढे जातं. पोतं 50 किलोचं असतं, तुम्हाला लागणार साडेतीन-चार किलो. चार-पाच घरांनी आणि एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याने मिळून आणायचं, नाहीतर कृषी सेवा केंद्रात दसऱ्याच्या आधीच सांगून ठेवायचं. वाण विचाराल तर ‘कुफरी लवकर’ आणि ‘कुफरी चंद्रमुखी’ हे लवकर येणारे, आपल्या छोट्या हिवाळ्याला सोयीचे. कुफरी सूर्या मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उष्णता सोसण्यासाठीच काढलेला वाण आहे. कुफरी पुखराज वजनाला भरघोस, पण पाणचट. भाजीला चालतो, वेफरला नाही. कुफरी ज्योती बाजारात सहज मिळतो, पण जरा जास्त दिवस घेतो.

बाजारातलाच घ्यायचा ठरला तर असा निवडा : अंड्याएवढा, 40 ते 50 ग्रॅमचा, कडक, सालीवर खरबरीत डाग नसलेला. त्याच ढिगातले दोन-तीन बटाटे आडवे कापून बघा. सालीच्या आत जी गोल रेघ असते ती तपकिरी दिसली आणि दाबल्यावर तिथून दुधासारखा पांढरट थेंब आला, तर तो ढीग सोडून द्या. आणलेलं बेणं एका थरात, उन्हात नाही पण उजेडात, दोन-तीन आठवडे पसरून ठेवा. अंधारात कोंब पांढरे, लांब आणि नाजूक येतात, लावताना मोडतात. उजेडात येतात ते आखूड, जाड, हिरवट-जांभळे. एक ते दीड सेंटिमीटरचे झाले की लावायला तयार.

कापायचं की नाही? तुम्ही कापलेत. थंड प्रदेशात चालून जातं. आपल्या ऑक्टोबरच्या गरम, ओल्या काळ्या मातीत कापलेली फोड कुजायची शक्यता बरीच. म्हणून लहान बटाटा अख्खाच लावावा. मोठाच मिळाला आणि कापणं भाग पडलं तर प्रत्येक फोड 30-40 ग्रॅमची आणि दोन-तीन डोळ्यांची ठेवा, सुरी मध्येमध्ये पुसा, लिटरमागे 3 ग्रॅम मॅन्कोझेब (बुरशीनाशक) घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि सावलीत दोन दिवस सुकू द्या. कापलेल्या बाजूवर कोरडी पापडी धरली की मगच मातीत.

राखेबद्दल वेगळं सांगतो, कारण ही चूक आपल्याकडे फार होते. सोलापूरची माती मुळातच विम्लधर्मी, म्हणजे अल्कली, बऱ्याच ठिकाणी खाली चुनखडी. त्यात राख म्हणजे आणखी अल्कली. तुमच्या बटाट्यावर जे खरबरीत, बुचासारखे डाग आले, तो खवल्या रोग. त्याचे जिवाणू मातीतच असतात. माती जितकी अल्कली आणि कंद धरताना जितकी कोरडी, तितके ते माजतात. ताजं शेणखतही त्यांना मानवतं. म्हणून राख बंद, चुना बंद, खत पूर्ण कुजलेलंच. आणि लावणीनंतर 30 ते 50 दिवसांच्या दरम्यान, म्हणजे कंद धरण्याच्या काळात, वरंबा कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. खवल्यावर याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. डाग पडलेला बटाटा साल काढून खायला हरकत नाही. बेण्याला मात्र वापरू नका.

काळ्या मातीचं वागणं तुम्हाला ठाऊकच आहे. ओली झाली की चिकट, सुकली की भेगा. बटाट्याला दोन्ही नकोत. पाणी साचलं तर कंदाच्या सालीवर पांढरे ठिपके फुगतात आणि तिथून सड शिरते. भेगा पडल्या तर त्यातून उजेड जातो आणि बटाट्याची पाकोळी (बारीक पतंग) आत उतरून डोळ्यांजवळ अंडी घालते. म्हणून सपाट वाफा नको, सरी-वरंबाच करा. तुमच्या तुकड्यात 12 फूट लांबीचे पाच वरंबे बसतात, दोन वरंब्यांत दीड-दोन फुटांचं अंतर. घटस्थापनेच्या आसपास माती वाफशावर (ओलसर, पण चिकटत नाही अशी) असताना एक वीत खोल खणून ढेकळं फोडा, आणि 20 ते 25 किलो कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. लावताना संपूर्ण तुकड्याला सिंगल सुपर फॉस्फेट 350 ग्रॅम, सल्फेट ऑफ पोटॅश 200 ग्रॅम आणि युरिया 120 ग्रॅम. नंतर पहिली भर लावताना आणखी 120 ग्रॅम युरिया. तिथे युरिया संपला. पाला कितीही फिका वाटला तरी त्यानंतर पुन्हा नाही. नवी पानं शिरांमध्ये पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर ती नत्राची नाही, लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती येतेच. लिटरमागे 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व संध्याकाळी फवारा.

बेणं एक वीत अंतराने, कोंब वर करून, दोन-अडीच इंच खोल. वर मातीचा हलका वरंबा. लावणीनंतर लगेच भरपूर पाणी देऊ नका. माती ओलसर असताना लावून तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे हलकं पाणी, द्यावी. रोप वीतभर झालं, म्हणजे साधारण 25 ते 30 दिवसांनी, पहिली भर. दोन्ही बाजूंची माती ओढून खोडाचा निम्मा भाग झाकायचा. मग दोन आठवड्यांनी दुसरी. शेवटी वरंबा आठ-दहा इंच उंच दिसला पाहिजे. भर लावणं हा या पिकातला एकमेव कष्टाचा भाग आणि नेमका तोच टाळला जातो. तुमचे बटाटे हिरवे झाले ते ओट्याखाली झाले असं तुम्ही धरलं आहे. मला वाटतं काही मातीतच झाले असावेत, वर डोकं काढून. भर झाली की वरंब्यांवर उसाचं पाचट किंवा कडब्याचा चुरा अंथरा. माती दुपारी थंड राहते, भेगा पडत नाहीत, पाणीही वाचतं.

पाणी. शहरात नळ रोज येत नाही हे गृहीत धरूनच सांगतो. झाडं भरात असताना तुमच्या तुकड्याला दर चौथ्या-पाचव्या दिवशी साधारण 150 लिटर लागेल, म्हणजे मोठ्या दहा बादल्या. सुरुवातीला याच्या निम्मं पुरतं. पाणी सरीत सोडायचं, वरंब्याचा माथा भिजवायचा नाही. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम तुडुंब, असं झालं की बटाटा तडकतो किंवा त्याला आल्यासारखी बोटं फुटतात. तुमचे तडकले ते यामुळेच. नळाला पाणी लांबणार असं कळलं तर भांडी-कपड्यांचं साबणाचं पाणी इथे वळवू नका, ते अल्कली असतं. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं चालेल.

रोगकिडीत आपल्या कोरड्या हवेत जास्त भेटतात ते मावा, कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आणि लवकर येणारा करपा. करप्याचे डाग खालच्या पानांवर येतात, गोलात गोल असलेले, तपकिरी. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. लिटरमागे अडीच ग्रॅम मॅन्कोझेब, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या पुरतात. मावा आणि कोळ्यांसाठी लिटरमागे 5 मिली निंबोळी तेल, थोडा साबण, पानांच्या खालच्या बाजूला.

लावणीनंतर 80 ते 90 दिवसांनी पाला पिवळा पडून आडवा होऊ लागतो. आता घाई नको आणि उशीरही नको. काढणीच्या दहा-बारा दिवस आधी पाणी तोडा आणि पाला जमिनीलगत विळ्याने कापून टाका. त्यामुळे साल पक्की होते. पाला काढला की भेगांकडे लक्ष द्या, दिसली की माती ओढून बुजवा, कारण पाकोळी याच दिवसांत येते. दहा दिवसांनी एक बटाटा काढून अंगठ्याने घासा. साल सरकली नाही तर काढा, सरकली तर आणखी तीन-चार दिवस थांबा. सकाळी लवकर, माती जराशी भुसभुशीत असताना, वरंब्याच्या बाजूने कुदळ घाला आणि माती उलटवा. वरून घाव नको. माती दगडासारखी झाली असेल तर आदल्या दिवशी सरीत हलकं पाणी शिंपडलं तरी चालतं, ढेकळांनी खरचटण्यापेक्षा बरं. निघालेले बटाटे उन्हात वाळत घालायचे नसतात. तासाभरात सावलीत न्या. धुवायचे तर मुळीच नाहीत, सुकल्यावर माती हाताने झटका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, साठवणीचा. इथे मला तुमच्याशी थोडा हिशेब घालायचा आहे. चांगलं पीक आलं तर चौरस मीटरला दोन किलो बटाटा धरायला हरकत नाही. तुमचा तुकडा नऊ चौरस मीटरचा. म्हणजे 16 ते 18 किलो. तुम्ही घरात पाच माणसं लिहिली आहेत आणि आठवड्याला दोन किलो लागतात असंही. मग वर्षाला लागणार 100 किलो, आणि त्यासाठी हवी 50 चौरस मीटर जमीन. तुमच्या पिकाला वर्ष टिकायचंच नाहीये, ताई. सगळं खायचं म्हटलं तरी ते आठ-नऊ आठवड्यांत संपतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काढलं तर मार्चअखेर. तुम्ही ज्या प्रश्नासाठी खड्डा आणि फ्रिज शोधताय तो प्रश्नच उरत नाही.

तरी खड्ड्याबद्दल सांगतो, कारण ही कल्पना पुष्कळांना सुचते. थंड देशांत तळघरात बटाटा सहा महिने राहतो, कारण तिथली जमीन खोलवर दहा अंशांच्या आसपास असते. जमिनीचं खोलवरचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं, आणि सोलापूरची सरासरी 27 च्या आसपास. म्हणजे कितीही खणा, बटाट्याला मिळणार 27 अंश, वर कोंडलेली हवा आणि उंदीर. फ्रिजचं उलटं. तिथे चार-पाच अंशांत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. भाजी गोडसर लागते, आणि तळलं की काप तपकिरी-काळे पडतात. बाहेर काढला की घाम सुटतो तो वेगळाच.

18 किलोला एवढंच करा. काढणीनंतर आठ-दहा दिवस घरातल्या अंधाऱ्या, हवेशीर जागी गोणपाटावर एका थरात पसरा. खरचटलेल्या जागी नवी साल धरते. मग एकेक हातात घेऊन निवडा : कुदळ लागलेले, मऊ, हिरवे आणि डोळ्याजवळ काळी बारीक विष्ठा असलेले वेगळे. त्या विष्ठेमागे पाकोळीची अळी असते, असा एक बटाटा आत राहिला तर महिन्यात सगळ्यांत शिरते. कापलेले-फुटलेले आधी भाजीला. चांगले बांबूच्या टोपलीत किंवा टोमॅटोच्या जाळीदार कॅरेटमध्ये, फूटभराहून जास्त उंच थर नको, तळमजल्यावर उत्तरेकडच्या भिंतीशी, विटांवर. वर वाळलेल्या घाणेरीच्या पाल्याचा (टणटणी म्हणा) किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा दोन बोटं जाड थर, पाकोळीला तो रोखतो. त्यावर गोणपाट, उजेड अजिबात नको. मार्चमध्ये तापायला लागलं की कॅरेटपासून वीतभर अंतरावर ओलं गोणपाट टांगा, बटाट्याला ओल लागू न देता. आपली हवा कोरडी असल्याने एवढ्यानेही हवेत चांगला गारवा येतो. कांदा शेजारी नको. त्याला कोरडी, उघडी जागा लागते आणि बटाट्याला अंधार, दोघांचं एकत्र जमत नाही. आणि कॅरीबॅग कधीच नाही. बटाटा काढल्यावरही श्वास घेत असतो, पिशवीत त्याचाच घाम त्याच्यावर बसतो आणि एक सडला की पाणी खालच्या सगळ्यांवर. दर आठ दिवसांनी एकदा हात फिरवा. वास आला तर नाकाच्या मागे जा, तो बटाटा सापडेपर्यंत थांबू नका.

हिरव्यांच्या वादात सासूबाई बरोबर आहेत, बऱ्याच अंशी. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण तो आला म्हणजे सोबत सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यंही वाढलेली असतात, आणि ती उकडून-तळून जात नाहीत. नखाएवढा डाग असेल तर जाड साल काढून मोठ्या माणसांनी खाल्लं तर चालतं. अर्धा बटाटा हिरवा असेल, आतपर्यंत रंग गेला असेल किंवा चव कडवट लागली, तर टाकून द्यायचा. लहान मुलांच्या ताटात थोडाही हिरवा नको. जनावरांनाही घालू नका.

आणि खरी साठवण आपल्याकडे वेगळीच आहे, ती तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगली येत असेल. जसं सोलापूर भाकरी कडक करून टिकवतं, तसा बटाटा वाळवून टिकवावा. सात-आठ आठवड्यांनी कॅरेटमधल्या बटाट्याला कोंब फुटू लागतील आणि साल सुरकुतेल. त्याआधी, होळीच्या आसपास, शिल्लक पाच-सहा किलोचं वाळवण घाला. होळीआधी येणाऱ्या महाशिवरात्रीच्या उपासापुरते तेवढे आधीच बाजूला काढून ठेवा म्हणजे झालं.

वेफरसाठी मोठे, कडक, कोंब न फुटलेले बटाटे. सोलून किसणीवर दीड-दोन मिलिमीटर जाडीचे काप, थेट पाण्यात, हवेत ठेवले की काळे पडतात. पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवा, पीठ राहिलं तर काप एकमेकांना चिकटतात. शेवटच्या पाण्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून काप रात्रभर त्यातच. सकाळी स्वच्छ पाण्यातून काढून, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडा. उपासाला हवे असतील तर सैंधव. तीन-चार मिनिटं. काप कडेने काचेसारखा दिसू लागला आणि वाकवल्यावर मोडला नाही की लगेच उपसा. एक मिनिट जास्त झालं की कापडावरून निघताना फाटतात. धुतलेल्या सुती धोतरावर एकेक, अंगावर अंग न टाकता. दुपारी उलटा. दोन कडक उन्हांत काम होतं. वाकवल्यावर कट्ट आवाज करून तुटला पाहिजे, नुसता लवला तर अजून अर्धा दिवस. किसाला बटाटा अर्धवट उकडून गार करून किसावा, बाकी तेच. पाच किलो बटाट्याचा पाऊण ते एक किलो वाळलेला माल होतो, घट्ट झाकणाच्या डब्यात पुढच्या होळीपर्यंत सहज राहतो. सकाळी आभाळ बघून मगच काप उकळा. मार्चमधला अवकाळी सोलापूरला नवा नाही, आणि उकडलेले काप दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीत, चिकट होऊन आंबतात. गेल्या खेपेला फ्रिजमधले बटाटे वापरून वेफर लाल झाले असतील, तर त्याचं कारण वर आलंच.

ज्यांच्याकडे परस नाही, गच्ची आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. 15 बाय 15 इंचांची पिशवी, पांढरी असेल तर उत्तम, काळी असेल तर भोवती गोणपाट गुंडाळा. नाहीतर उन्हात पिशवीतली माती जमिनीपेक्षा कितीतरी जास्त तापते. खाली विटा. पिशवीत दोनच बेणी. तळाला वीतभर भुसभुशीत माती-कंपोस्ट-नारळाचा भुसा, त्यावर बेणं, वर तीन इंच थर, मग झाड वाढेल तशी भर. पिशवीमागे पाऊण किलोच्या आसपास मिळालं तर खूश राहा. चार फूट उंच पिंपात माती चढवत नेली की तळापासून वरपर्यंत बटाटे लागतात, असं हल्ली सांगतात. लवकर येणाऱ्या वाणांत ते होत नाही. कंद एकाच पट्ट्यात धरतात आणि उरलेली माती फुकट उचलावी लागते.

ताई, पिकातले चार बटाटे पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी ठेवावेत असं तुमच्या मनात येईल. नको. फेब्रुवारी ते ऑक्टोबर, मध्ये सोलापूरचा उन्हाळा, त्यात ते सुकून जातात, आणि माव्याने दिलेला विषाणू वर्षागणिक वाढत जातो. बेणं दर वर्षी नवं. पुढच्या वर्षी हाच तुकडा बटाट्याला देऊ नका, टोमॅटो-वांगी-मिरचीलाही नाही. फेब्रुवारीत रिकामा झाला की गवार टाका, पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर. पावसाळ्यात मातीत राहून गेलेला एखादा बटाटा उगवून आलाच तर तो कौतुकाने वाढवू नका, उपटून टाका. मावा आणि रोग पुढच्या हंगामापर्यंत त्याच्यावरच तग धरतात.